आबांचे शेवटचे एकोणीस निरोप

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या त्या घराच्या गॅरेजात गाडी कधी उभीच राहिली नाही. मोरेश्वरची गाडी बारा महिने बाहेर दव खात असे, आणि आत कार्पेट टाकून, हीट पंप बसवून त्याच्या बायकोचा, सुलेखाचा, क्लास चाले. आठ टेबलं, एक पांढरा फळा आणि फळ्याच्या उजव्या कडेला दर शनिवारच्या चाचणीचे मार्क, पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत. इथल्या शाळांत असं करत नाहीत. इथे मुलाचे मार्क ही त्या मुलाची खासगी बाब. पण सुलेखा बारामतीला ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं गणित शिकवून आलेली. इथे आल्यावर पहिला सीझन तिने टौरंगाजवळ पॅकहाउसमध्ये किवी फळं निवडण्यात काढला, आणि त्या सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या उभ्याच ठरवलं की आपल्याला जे येतं तेच आपण करायचं. चिनी, कोरियन, फिलिपिनो, पंजाबी, मराठी, सगळे आईबाप तिच्याकडे येत. त्यांना एकमेकांची भाषा येत नसे, पण फळ्याची उजवी कडा सगळ्यांना वाचता येई.

बाई वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तसं वाटेल. ताप आलेल्या मुलाला ती स्वतः घरी सोडी, कुणाची फी राहिली तर तोंडातून शब्द काढत नसे. पण परीक्षा म्हटलं की तिच्यात वारं शिरे. परीक्षेच्या महिन्यात मुलांनी फोनवरचं सगळं काढून टाकायचं, फक्त घरच्यांशी बोलण्यापुरतं व्हॉट्सअॅप ठेवायचं, हा तिचा नियम. आणि मुलांपेक्षा आईबापच तो जास्त पाळत.

इरावती या क्लासची शान. बारीक चणीची, थोडं पुढे वाकून लिहिणारी पोर. तिची आई अनुराधा हॉस्पिटलात लॅबमध्ये होती आणि इराने डॉक्टर व्हायचं, हे घरात तिच्या दुसरीतच ठरलं होतं. या गॅरेजातून इंजिनिअर गेले, अकाउंटंट गेले, पण मेडिकलला अजून कुणी गेलं नव्हतं. इरा पहिली असणार, हे सुलेखाने मनोमन धरूनच ठेवलं होतं.

इराचे आबा, म्हणजे अनुराधाचे वडील दीनानाथ गुरुजी, संगमनेरला असत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. नातीला ते रोज एक कोडं पाठवत, मराठीत. इराला मराठी समजे, पण अक्षरं वाचता येत नसत. आकडे तेवढे येत, तेही आबांनीच शिकवलेले. फोनवरच्या भाषांतरात आबांच्या शेळ्या-कोंबड्यांचं पार भजं होई. म्हणून ती कोडं सुलेखाला पाठवी आणि सुलेखा ते वाचून, आवाज रेकॉर्ड करून परत पाठवी. "बरं का बाळा, अंगणात शेळ्या-कोंबड्या मिळून सतरा डोकी आणि शेहेचाळीस पाय. शेळ्या किती?" अशी ती कोडी. दोन वर्षं हे चाललं होतं. सुलेखाने त्या म्हाताऱ्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं लिहिणं तिच्या जिभेवर बसलं होतं. एकदा त्यांनी लिहिलं होतं, "डॉक्टर हो नाहीतर बस चालव, गणित मात्र सोडू नको." ते वाचताना ती हसली होती.

चार नोव्हेंबरला आबा गेले. झोपेतच. दोन दिवसांनी इराचा पहिला पेपर होता.

अनुराधा सुलेखाकडे आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, चेहरा नुसता कोरा होता. पोरीला कसं सांगू, एवढंच ती विचारत होती. आणि सुलेखा बोलून गेली, परीक्षा संपेपर्यंत सांगायचं नाही. हे तिने शोधून काढलेलं नव्हतं. आपल्याकडे घरोघरी हेच करतात. तिचे स्वतःचे वडील तिच्या बारावीच्या वेळी गेले, तर मामाने तिला परस्पर मावशीच्या घरी ठेवून चार पेपर द्यायला लावले आणि मग घरी नेलं. घरी पोचली तेव्हा अंगण झाडून झालं होतं. "माझं काय बिघडलं?" असं ती तीस वर्षं म्हणत आली होती, तेच तिने अनुराधाला सांगितलं. वर्ष वाया गेलं तर ते आबांना तरी आवडेल का, असंही म्हणाली. अनुराधाने मान हलवली. बुडत्याला काडीचा आधार.

पण रोजच्या कोड्याचं काय? आबांचा फोन संगमनेरला इराच्या मामाकडे, राजाभाऊकडे होता. राजाभाऊ साधा माणूस, त्याला दोन ओळी जुळवता येईनात. तेव्हा असं ठरलं की आबांच्या घशाचं ऑपरेशन झालंय, बोलायचं नाही, फक्त लिहायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय. आणि लिहून द्यायचं सुलेखाने. तिने लिहिलेलं राजाभाऊ आबांच्या फोनवरून पाठवी. इरा ते वाचून घ्यायला सुलेखाकडेच पाठवी. आणि सुलेखा स्वतःचंच लिहिलेलं आबांच्या नावाने मोठ्याने वाचून, रेकॉर्ड करून परत देई. एकोणीस दिवस.

पहिल्या दिवशी तिने पाण्याच्या टाकीचं आणि दोन नळांचं उदाहरण घातलं. इराने लगेच लिहिलं की आबा आज पुस्तकातलं बोलताय, बरं वाटत नाहीये का. सुलेखा चपापली. दुसऱ्या दिवशी तिने शेळ्या आणल्या, तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाण्याचा खोटा तराजू. मग तिला विचार करावाच लागेना. सकाळी वायकाटो नदीचं धुकं खिडकीला टेकलेलं असायचं, ती चहा ठेवायची आणि "बरं का बाळा" आपोआप बोटांतून उतरायचं. एक दिवस तर तिने कोडं लिहिलं आणि ते सोडवायला तिलाच पंधरा मिनिटं लागली. हे मला कुठून सुचलं, असं मनात येऊन तिने हातातला फोन ओट्यावर पालथा ठेवला.

अनुराधा तिकडे रोज दूध आणायला म्हणून सुपरमार्केटला जायची, पार्किंगमध्ये गाडीत बसून रडायची आणि दूध घेऊन घरी यायची. फ्रिजमध्ये दुधाच्या बाटल्या मावेनात. इराच्या बाबांनी एकदा विचारलं, आपण हे बरोबर करतोय ना, तर तिनेच त्यांना गप्प केलं.

अकराव्या दिवशी, केमिस्ट्रीच्या आदल्या सकाळी, राजाभाऊने इराचा निरोप सुलेखाकडे धाडला आणि खाली लिहिलं, ताई, याला काय उत्तर देऊ? इराने इंग्रजीत लिहिलं होतं: आबा, हे फक्त तुम्हाला सांगतेय. मला मेडिकल नकोय. मला तुमच्यासारखं गणित शिकवायचंय. मी तसं केलं तर तुम्हाला वाईट वाटेल का?

सुलेखाला काय उत्तर द्यायचं ते माहीत होतं. आबांचं उत्तर तिने पूर्वीच वाचलं होतं, स्वतःच्या आवाजात. पण दहा मिनिटांत क्लासची मुलं येणार होती, उद्या पेपर होता, आणि फळ्याच्या उजव्या कडेला सगळ्यात वर इराचं नाव होतं. तिने लिहिलं: "बरं का बाळा, मन स्थिर ठेव. तुला डॉक्टर झालेलं पाहायचं, एवढी एकच इच्छा आता उरलीय बघ." राजाभाऊने ते तसंच पाठवलं. आणि तासाभराने इराकडून ते फिरून सुलेखाकडे आलं, वाचून दाखवा म्हणून. तिने वाचून दाखवलं. एकदा आवाज अडकला, म्हणून पुन्हा रेकॉर्ड केलं.

पेपर संपले त्या संध्याकाळी इराला सांगितलं, आबा आज सकाळी गेले. तारीख बदलायची कल्पना अनुराधाची. पोरीला फसवल्यासारखं वाटू नये म्हणून. अनुराधा एकटीच संगमनेरला जाऊन आली.

डिसेंबरात कुणाच्या तरी घरच्या बार्बेक्यूला एका चिनी मुलीची आई सुलेखाला सहज सांगत होती, की परीक्षेच्या दिवसांत तिच्या मुलीची आजी वारली, शाळेने अर्ज केला आणि सराव परीक्षेतल्या कामावरून मुलीला ग्रेड मिळाली. इथे तशी सोयच आहे, पेपर द्यावाच लागत नाही. सुलेखाच्या हातातली प्लेट तशीच राहिली. इराला सराव परीक्षेत सगळीकडे एक्सलन्स, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड होती. एक फोन शाळेला केला असता, तर पोरगी आजोबांच्या शेवटच्या दर्शनाला गेली असती आणि वर्षही गेलं नसतं. वर्ष वाया जाण्याचं भय ती बारामतीहून बरोबर घेऊन आली होती, आणि पेपर दिला नाही तर इथे वर्ष जातं का, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आबांनी तिला सोडलं नाही. क्लासमध्ये चिनी पोराच्या वहीवर वाकून ती "बरं का बाळा" म्हणायची आणि पोरगा गोंधळून पाहायचा. सकाळी चहाला उकळी येताना एक कोडं हजर व्हायचं, कुणी मागितलेलं नसायचं. मोरेश्वर म्हणाला, डॉक्टरला दाखवू. पण या दुखण्याला ती नाव काय सांगणार? कोणती ओळ माझी आणि कोणती त्यांची, हेच तिला आता कळत नव्हतं. फक्त एक ओळ तिची होती, हे पक्कं ठाऊक होतं.

इथे मेडिकलची जागा विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या मार्कांवर मिळते; इरा ऑकलंडला गेली, ते वर्ष छाती फुटेस्तोवर अभ्यास करून काढलं आणि मेडिकलची ऑफर मिळवली. तिने डॉक्टर व्हावं ही आबांची शेवटची इच्छा होती, एवढंच इराने कधीतरी आईला सांगितलं होतं; अनुराधाने ती त्यांच्या हयातीतली धरली आणि पेढे वाटले. सुलेखाच्या गॅरेजात आणखी चार नावं आली.

जानेवारीत, ऑफर स्वीकारायला दोन दिवस उरले असताना, इरा एकटीच सुलेखाच्या दारात आली. संगमनेरला जाऊन नुकतीच परतली होती. टेबलाशी बसली, फोन काढला आणि एक फोटो समोर धरला. राजाभाऊच्या घरातली भिंत. बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि त्याखाली आबा. स्मृतिशेष दीनानाथ वगैरे तिला वाचता येत नव्हतं. तारखेचे आकडे तिला वाचता आले होते.

मामाने बोट तुमच्याकडे दाखवलं, असं ती इंग्रजीत म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मग तिने तो एक निरोप काढला, अकराव्या दिवसाचा, आणि फोन सुलेखाकडे सरकवला.

"हे आबा बोलले?"

"नाही." सुलेखा म्हणाली. "मी लिहिलं. ते असं बोलले नसते इरा. मला ठाऊक होतं काय बोलले असते ते, तरी मी हे लिहिलं. मला तू मेडिकलला जायला हवी होतीस. माझ्या क्लाससाठी."

इराने फोन परत आपल्याकडे ओढला. मग ती सांगू लागली, की वर्षभर जेव्हा जेव्हा सोडून द्यावंसं वाटलं, तेव्हा तिने हा आवाज लावला होता. सुलेखाचाच आवाज, पण तिला तो आबांचा वाटायचा. रोज लावायची. पाठ झाला होता.

सुलेखा रडू लागली. आबा काय म्हणाले असते ते सांगते, असं म्हणून तिने "बरं का बा" एवढं उच्चारलं, तोच इराने हात वर केला.

"नको. आबा नको. आता तुम्ही बोला." मराठी तिला जड जात होतं, तरी ती मराठीतच बोलत होती. "आईला मी नीट सांगू शकत नाही. ती म्हणते, आबांची इच्छा. तुम्ही चला. तुम्ही सांगा."

सुलेखाने मोरेश्वरला हाक मारली नाही, चपला बदलल्या नाहीत, घरातल्या जँडल्सवर, रबरी स्लिपरांवरच इराच्या गाडीत बसली. शाळेच्या सुट्ट्या होत्या, पोरं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे घालून पूलकडे निघाली होती. सुलेखा मनात वाक्यं जुळवत होती. एकोणीस दिवस मेलेल्या माणसाच्या तोंडून घडाघडा बोललेल्या बाईला स्वतःचं एक वाक्य सापडत नव्हतं.

अनुराधाने दार उघडलं. इरा आणि तिच्या मागे सुलेखाताई, हे पाहून तिला आनंदच झाला. आत या म्हणाली, ऑफरचा फॉर्म आजच भरून टाकू, तुमच्या हातून भरला तर बरं. टेबलावर लॅपटॉप उघडाच होता.

"अनुराधा, आधी बस," सुलेखा म्हणाली. "तुझ्या वडिलांची शेवटची इच्छा मी लिहिली होती."