डाव्या बटणावरचा चिमटा

झोपलेल्या मुलीची बोटं मोजायची सवय मला परवापासून लागली आहे. ती सत्तावीस वर्षांची आहे. जन्मली तेव्हा नर्सने दुपटं उघडून दाखवलं होतं, तेव्हा एकदा मोजली होती; त्यानंतर आता. दारातून उजेडाची पट्टी आत पडते, तिचे हात पांघरुणाबाहेर असतात. दहापर्यंत पोचले की मी परत स्वयंपाकघरात येऊन बसते. आज दोनदा मोजून झाली. तिसऱ्यांदा उठायला नको म्हणून लिहायला घेतलं आहे.

ही वही तिच्याच कारखान्यातली. कड जरा तिरकी कापली गेली की वही बाद होते, आणि बाद वह्या ती घरी आणते. आमच्याकडे वाण्याची यादीसुद्धा दोनशे पानी वहीत असते.

तिने कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा मी महिनाभर तिच्याशी धड बोलले नव्हते. मी पदवीधर आणि माझी मुलगी वह्या कापणार, हे माझ्या पचनी पडेना. तिला मात्र ते काम आवडलं. ती कटिंग मशीनवर असते. शिवून आलेल्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करायचा, पात्याखाली सरकवायचा, पातं उतरलं की कडा साफ. अंगठ्याने गठ्ठा फुलवून ती म्हणते, "एकशे बारा." मोजून बघावं तर एकशे बाराच निघतात. सहा वर्षांत ती तिथली सगळ्यांत जुनी झाली. नव्या बायकांना तीच शिकवते, म्हणून सगळ्या तिला मास्तरीण म्हणतात.

मागच्या वर्षी तिच्या नावाचं प्रमाणपत्र आलं: "सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केले." मी ते लॅमिनेट करून फ्रिजवर लावलं. आल्यागेल्याला दाखवलं. पदवीचं नाही तर नाही, हे तरी.

घरात तिची एक गंमत होती. कपाटाचा खण बंद करताना, कुकरचं झाकण लावताना ती पुटपुटायची, "हात? बाहेर." आम्ही हसायचो. ह्यांनीही ते उचललं होतं, फ्रिज लावताना "हात? बाहेर!" असं ओरडायचे. आणखी एक गोष्ट घडत होती. वाळत घालायच्या दोरीवरचे चिमटे कमी होत होते. "चिमट्यांना पाय फुटलेत," हे म्हणायचे, आणि मी कावळ्यांना शिव्या द्यायचे.

परवा ती चष्मा विसरून गेली. तो द्यायला मी गेले. सहा वर्षांत पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं.

लांबट शेड. मधोमध प्लायवूडची भिंत, भिंतीत दार नाही, नुसती मोकळी चौकट. तीतून बायका गठ्ठे घेऊन इकडून तिकडे जात होत्या. बाहेर पाट्या दोन, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. आत चहाची किटली मात्र एकच.

माझी मुलगी एका नव्या बाईला शिकवत उभी होती. नवी चाळिशीची, लहान चणीची, हातात पुरुषी मापाचे मोजे. मशीनला पुढे दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय पातं उतरत नाही. म्हणजे पातं उतरतं तेव्हा दोन्ही हात बटणांवरच गुंतलेले असतात, पात्याखाली जाऊच शकत नाहीत. किती साधी आणि शहाणी योजना! आणि डाव्या बटणावर, ते दाबून धरत, माझा निळा चिमटा बसला होता. त्याचा एक कोपरा तुटलेला आहे, म्हणून ओळखला.

"डावं बटण चिमटा सांभाळतो," मुलगी सांगत होती. "आपला डावा हात मोकळा राहतो, त्याने गठ्ठा ओढायचा. दाबायच्या आधी मोठ्याने विचारायचं, हात? आणि हात काढून स्वतःच सांगायचं, बाहेर! 'बाहेर' म्हटल्याशिवाय उजवं बटण दाबायचं नाही. कळलं?"

"कळलं, मास्तरीणबाई. आपणच विचारायचं, आपणच उत्तर द्यायचं. घरी तेच तर करते, नवरा कुठे तोंड उघडतो!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्यातच नवीने "हात?" म्हटलं आणि दाबलं.

कोबी चिरल्यासारखा आवाज झाला. तिच्या डाव्या मोज्याची दोन बोटं टेबलावर पडली.

नवीने हात डोळ्यांसमोर धरला. कापलेल्या मोज्यातून तिच्या दोन बोटांची टोकं बाहेर आली होती, नखांसकट शाबूत. मोजा मोठा होता. पुढचं अर्धं पेर नुसतं रिकामं कापड होतं.

"बघ, चुकीच्या मापाचे दिले तेच बरं!" कुणीतरी म्हणालं, आणि अख्खी शेड हसली. माझी मुलगीही हसली. "पहिल्या आठवड्यात होतं असं," म्हणत तिने नवीच्या पाठीवर थाप मारली आणि मोज्याचे तुकडे कतरणीच्या ढिगात टाकले. मी ते उचलून पर्समध्ये ठेवले. का, ते मला सांगता येणार नाही.

मालकाने माझा चेहरा बघितला असावा. त्याने स्वतः खुर्ची पुसून दिली. "घाबरलात, ताई? पाणी घ्या."

"यांना कुणी रीतसर शिकवत नाही?"

"तुमची मुलगीच शिकवते की. वर्षातून एकदा फोटो, सगळ्यांच्या सह्या, झालं."

"आणि तपासायला कुणी येत नाही?"

त्याने प्लायवूडवर बोटाने टकटक केलं. "अलीकडे नऊ जणी, पलीकडे नऊ. तपासणी दहा जणींपासून पुढे. लहान धंद्याला सूट असते, ताई. तुमची मुलगी कागदावर पलीकडची, काम अलीकडे करते. कायदा इथवर येतो आणि ह्या फळीला टेकून उभा राहतो." माणूस वाईट वाटत नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटली.

काल मी तपासणी कार्यालयात फोन लावला. "नोंदीत नऊच जणी दिसतात. मग आमच्याकडे येत नाही ते, बाई," फोनवरचा म्हणाला.

"अठरा आहेत. मी मोजल्यात."

"असं? तुम्ही कोण?"

मी फोन ठेवून दिला.

आज जेवण झाल्यावर मोज्याचे ते दोन तुकडे मुलीसमोर ठेवले. "चिमटा कुणाच्या डोक्यातून निघाला?"

"माझ्या," ती म्हणाली. अगदी सरळ. "आधी बायका लाकडाचा तुकडा ठोकायच्या. अडकला की निघायचा नाही. चिमटा झटकन निघतो. सुधारणा केलीय मी, आई."

"दोन्ही हातांनी दाबलं तर?"

"चारशे वह्या कमी पडतात दिवसाला. मग माझ्या जागी दुसरी येईल, आणि ती 'हात?' विचारायलाही शिकवणार नाही. सहा वर्षांत माझ्या मशीनवर रक्ताचा थेंब सांडलेला नाही."

"परवा काय होतं मग?"

"कापड."

"तक्रार केली तर?"

"तर दोन्ही पाट्या उतरतील. अठरा जणी घरी बसतील. त्या नवीला कोण सांगणार? तू?"

मी उठून प्रमाणपत्र काढून आणलं. "मग हे तुला कुणी शिकवलं?"

"नीट वाच ना. प्रशिक्षकाची सही बघ."

मी चष्मा लावला. प्रशिक्षणार्थी म्हणून तिची सही. खाली प्रशिक्षक म्हणून सही, तीही तिचीच, तेच लांब शेपूट. वर्षभर फ्रिज उघडताना दिवसातून वीस वेळा मी हा कागद पाहिला होता. वाचला एकदाही नव्हता.

झोपायला जाताना ती दारात थांबली. "आई, उद्या दोन चिमटे जास्त लागतील. शाळांची ऑर्डर आली आहे, मोठं मशीनही सुरू करतायत. मीच असेन त्यावर, काळजी करू नकोस."

ती गेल्यावर मी सगळे चिमटे कपाटात कुलूपबंद केले, आणि थोड्या वेळाने परत काढून टेबलावर ठेवले. लाकडाचा तुकडा कुठेही मिळतो. आता ते इथे वहीशेजारी पडले आहेत, अकरा.

त्या अठराजणींचं काय होईल, मला माहीत नाही. नवीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही, हसतानाचा आणि नंतरचा. तिचं काम माझ्यामुळे गेलं तर तिच्या शिव्या मला लागतील. पण मोजे दरवेळी मोठे नसतात. आणि माझी मुलगी मोजे घालतच नाही. मोज्यांतून पानं हाताला लागत नाहीत म्हणते.

कार्यालय नऊला उघडतं. ती साडेनऊला निघते. हे तिच्या पाठीमागे करणार नाही. ती चहा पीत समोर बसलेली असतानाच फोन लावणार. ती कप आपटेल, कदाचित कित्येक दिवस बोलणार नाही. पाट्या दोन, शेड एक, भिंतीला दार नाही, बायका अठरा आणि डाव्या बटणावर माझा चिमटा, हे सगळं सांगणार. आणि "तुम्ही कोण?" असं विचारलं, तर या वेळी फोन ठेवणार नाही.