वासराला रागवणारी काकी

आमची धाकटी काकी पोटच्या पोराचा राग वासरावर काढायची. दगडूने दुधाचं भांडं लवंडलं की ती तरातरा गोठ्यात जायची, डोक्यावरचा पदर पुढे ओढायची आणि दावणीच्या वासराला सुनावायची, "काय रे, दूध काय मातीकरता शे का? कितलांदाव सांगानं तुले?" वासरू बिचारं कान हलवत तिच्याकडे पाहत राही. ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असे, तो ओट्यावर बसून ऐकत असे.

आजच्या कोणाला हा वेडेपणा वाटेल. पण कोरीट गावी आमच्या घरात तेव्हाची रीतच तशी होती. सासऱ्यासमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, आणि वडीलधाऱ्यांच्या देखत आपल्या पोराचे ना लाड करायचे, ना त्याला रागवायचं. काका तर दगडूला त्यांच्यासमोर कडेवरसुद्धा घेत नसत. त्यातून काकीची आधीची दोन्ही मुलं पाळण्यातच गेलेली. तिसरं तरी टिकावं म्हणून नाव ठेवलं दगडू, आणि माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, साऱ्या घराला बजावलं, "मन्हा दगडूले कोणी बोट लावानं नही." लेकी बोले सुने लागे ही तशी सासवांची विद्या. काकीने ती सुनेच्या कामी लावली, एवढंच.

शिक्षाही वासरालाच. दगडूने भाकर फेकली की काकी वासरासमोरचा हिरवा चारा उचलून नेई. "ज्याले अन्ननी किंमत नही, त्याले उपाशी ऱ्हावू द्या." दगडूचा त्या वासरावर भारी जीव. थोडा वेळ तो ओठ काढून बसे. मग अंगणातली भाकर उचली, फुंकर मारी आणि आईच्या समोर उभा राहून खाई. चारा परत जागेवर येई. काकी त्याच्याकडे न बघता वासराची पाठ थोपटे, "शहानं मन्हं वासरू." त्या थोपटण्यातला अर्धा वाटा आपला, हे त्या एवढ्याशा पोराला बरोबर कळत असे.

एकदा वाळत घातलेल्या मिरच्यांत तो मनसोक्त लोळला आणि तेच हात डोळ्यांना लावले. सारी गल्ली गोळा होईल असं रडला. काकीने त्याचे डोळे धुतले, तूप लावलं. आज वासराची काही धडगत नाही म्हणून मी वाट पाहत होते, पण ती गोठ्याकडे फिरकलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "मिरचीनी सांगी दिन्हं, आते मी काय सांगू?"

पण सगळं काही मिरचीवर सोडता येत नाही. आमच्या मळ्यातल्या विहिरीला कठडा नव्हता. आतल्या कपारीत पारव्यांनी घरटी केली होती आणि दगडूला त्यांची पिल्लं पाहायचा नाद लागला. काकी रोज वासराला विहिरीवरून बजावू लागली, "हिरजोडे जावानं नही." एके दिवशी ओट्यावरून दगडू शांतपणे म्हणाला, "माय, वासरू त बांधेल शे. ते हिरवर कसं जाई?" आबा पोट धरून हसले. नातवाची ही हुशारी त्यांनी गावभर सांगितली. काकीला मात्र हसू आलं नाही. तिचं एकुलतं एक हत्यार त्या दिवशी बोथट झालं होतं.

पुढे मिरचीच्या तोडणीच्या दिवसांत मी आणि काकी भाकरी घेऊन मळ्यात गेलो. आबा लिंबाखाली मजुरांशी बोलत बसले होते. दगडू त्यांच्याजवळ नव्हता. तो विहिरीच्या काठावर पालथा पडला होता, छातीपर्यंत आत झुकलेला. मी हाक मारणार तोच काकीने माझ्या तोंडावर हात ठेवला. टोपलं खाली ठेवून ती दबक्या पावलांनी गेली, त्याचे दोन्ही पाय धरले आणि त्याला फरफटत मागे ओढलं. मग सगळ्यांच्या देखत त्याच्या गालावर अशी चपराक मारली की मजूर बोलायचे थांबले.

दगडू भोकाड पसरून आबांच्या मांडीवर जाऊन पडला. "कोणी मारं?" आबांनी विचारलं. काकी लिंबाखाली आली. पदर खांद्यावर पडला होता, तिने तो सावरलाही नाही.

"मी मारं," ती म्हणाली. "दोन गयात, आबा. हाऊ मी जाऊ देवाव नही. आते वासरूले बोलीसन भागस नही."

सासऱ्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती. आबांनी विहिरीकडे पाहिलं. मग दगडूला मांडीवरून उतरवलं. "जाय, मायजोडे जाय," म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवतो म्हणून उठून गेले. बैल नुकतेच पाणी पिऊन झाडाखाली बसले होते. दगडू हुंदके देत, जिने मारलं तिच्याच गळ्यात पडला, आणि त्याच्यापेक्षा काकीच जास्त रडली.

पुढे विहिरीला कठडा झाला. दगडूने काही खोडी केली की आबा खाकरत, काठी घेत आणि बैल पाहायला गोठ्यात जात.

माझं लग्न होऊन मी नंदुरबारला गेले, दगडूलाही मुलगा झाला. एका दिवाळीला माहेरी आले होते. त्या पोराने परातीतल्या पिठात तांब्याभर पाणी ओतलं. दगडूच्या बायकोने हात उगारला आणि भीत भीत काकीकडे पाहिलं. काकी गुडघ्यावर हात टेकून उठली. "वासरूले पानी पाजी येस," म्हणाली. गोठ्यात तेव्हा वासरू नव्हतंच. मी मागोमाग गेले तर रिकाम्या दावणीशी बसून गालात हसत होती. "मायले बोलाले जागा लागस, पोरी," ती म्हणाली.

काकी गेली तेव्हा मी दिवसकार्याला गेले होते. पोराने पुन्हा काहीतरी सांडलं. त्याच्या आईने हात उगारला आणि सवयीने काकीच्या जागेकडे पाहिलं. ओटा रिकामा होता. तिचा हात तसाच राहिला, डोळे भरून आले. मग माझ्याकडे पाहिलं. त्या घरातल्या बायकांत आता तिच्यापेक्षा मोठी मीच होते.

मी गुडघ्यावर हात टेकून उठले. "वासरूले पानी पाजी येस," म्हटलं, आणि गोठ्यात जाऊन पोटभर रडले.