मागे उघडलेली खिडकी

टाइप करताना मी पडद्याकडे बघत नाही. तेव्हाही बघत नव्हते, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला आजही वाटत नाही. लग्नाआधी मी ज्या टाइपिंग क्लासला जायचे तिथले सर मशीनच्या अक्षरांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवायचे. बोटं झाकणाखाली, नजर डावीकडच्या कागदावर. मान जरा मशीनकडे वळली की सर मागून येऊन टेबलावर पट्टी आपटत. नजर कागदावरून हलली की ओळ सुटते, हे त्यांनी आमच्या हाडीमांसी खिळवलं होतं. त्या पट्टीच्या धाकाने शिकलेल्या आम्ही मुली पुढे कचेऱ्यांमधून, वकिलांकडे, शाळांमधून चिकटलो, आणि आमची कामं चोख असत. मी हे मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढे ह्याच सवयीला हलगर्जीपणा म्हटलं गेलं.

यजमान इंदूरच्या एका मिलच्या टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामावर होते. मिल बंद पडली तेव्हा आमची मुलं शाळेत जात होती. मिल का बंद पडली, तर म्हणे कामगार आळशी, युनियनबाज. यंत्रं आजोबांच्या वयाची झाली होती, त्यांच्यात कोणी दमडी घातली नव्हती, ते कोणी बोलायचं नाही. यजमानांनी थोडे दिवस सियागंजात एका किराण्याच्या ठोक दुकानात काम केलं, मग तेही सुटलं. ते घरात बसून राहू लागले आणि मी बाहेर पडले. स्नेहलतागंजातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला रिपोर्ट टाइप करायची नोकरी लागली. घरात येणारा पगार तेवढा एकच. ती नोकरी टिकणं म्हणजे काय होतं, ते ह्यावरून समजावं.

लॅबमध्ये कॉम्प्युटर होता. त्यात एक प्रोग्राम रजिस्टरचा, म्हणजे दिवसभरात आलेल्या पेशंटांच्या नावांची यादी. एका नावावर निळी पट्टी आणायची, एक बटण दाबायचं, की तो प्रोग्राम दुसऱ्याला उघडायचा. हा दुसरा रिपोर्टचा. त्याची खिडकी यादीच्या वर येऊन बसायची, आणि मी टेक्निशियनच्या चिठ्ठीवर नजर ठेवून आकडे टाइप करत जायची. छापताना पेशंटचं नाव तो प्रोग्राम रजिस्टरमधून, जिथे निळी पट्टी असेल तिथून उचलायचा. दोन वर्षं हे असं सुरळीत चाललं. एक चूक नाही.

मग नवा कॉम्प्युटर आला. बाजार खुला झाला होता, सगळीकडे नवंनवं येत होतं, आमचे डॉक्टरही मागे राहणारे नव्हते. कव्हरचं प्लॅस्टिक निघायच्या आत मला त्याच्यापुढे बसवलं. प्रोग्राम तेच, बटण तेच. कोणी काही बदललंय असं सांगितलं नाही.

बदललं होतं ते असं. नव्या कॉम्प्युटरवर रिपोर्टची खिडकी उघडायची, पण यादीच्या मागे. पुढे रजिस्टरच. खाली पडद्याच्या काठावर एक बारीकशी पट्टी लुकलुकायची, की बाबा मी इथे आहे. माझी नजर कागदावर! मी टाइप करत राहायची आणि ती सगळी अक्षरं रजिस्टरला जाऊन भिडायची. यादीत अक्षर टाइप केलं की निळी पट्टी त्या अक्षराच्या नावावर उडी मारते. म्हणजे मी इकडे शुगर लिहितेय, आणि तिकडे पट्टी ह्या नावावरून त्या नावावर टुणटुण उड्या मारतेय. टाइप संपवून मान वर केली तर रिपोर्ट कुठेच नाही. लुकलुकणाऱ्या पट्टीवर टिचकी मारली तर आत कोरा फॉर्म. मला वाटलं मशीनने खाल्लं. नवीन मशीन, खात असेल. मी पुन्हा टाइप करून छापायची.

निळी पट्टी तोवर भलत्याच नावावर जाऊन बसलेली असे. बहुतेक वेळा छापलेल्या कागदावरचं ते भलतं नाव माझ्या नजरेला पडे, आणि मी तो फाडून, पट्टी जागेवर आणून पुन्हा छापी. डॉक्टरांना मी दोनदा सांगितलं होतं, नव्या मशीनमध्ये गडबड आहे. ते म्हणाले, "हात बसेल हो, बाई." एका गर्दीच्या दिवशी मात्र एका बाईचा वाढलेल्या शुगरचा रिपोर्ट एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नावाने छापला गेला. ते फक्त हिमोग्लोबिन तपासायला आले होते. कागद इतर कागदांबरोबर डॉक्टरांच्या टेबलावर गेला, डॉक्टरांनी त्यावर सही केली, आणि तो त्या गृहस्थांच्या पाकिटात पडला. त्या बाई आपला रिपोर्ट मागायला आल्या तेव्हा मी त्यांना दुसरा छापून दिला, म्हणून कोणाच्या काही ध्यानात आलं नाही.

गृहस्थ महिनाभर शुगरची गोळी खात राहिले. जिलेबी बंद केली. इंदूरच्या माणसाने सकाळच्या पोह्यांबरोबरची जिलेबी सोडायची म्हणजे काय, ते इंदूरच्या माणसालाच विचारा. मग एक दिवस त्यांना घाम फुटून रस्त्यातच चक्कर आली, दुसरीकडे रक्त तपासलं, आणि शुगर कधी नव्हतीच असं निघालं. त्यांचा मुलगा लॅबमध्ये येऊन कागद नाचवून गेला.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "बाई, तुम्ही डोळे मिटून टाइप करता काय? आजकालच्या मुली स्क्रीनकडे बघून काम करतात."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, नवं मशीन खिडकी मागे उघडतं. जुन्यावर पुढे यायची."

"नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. वर हसले. आणि त्या कागदावर सही कोणाची होती? ती सही काय डोळे उघडे ठेवून केली होती? हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं असतं तर त्याच दिवशी घरी बसले असते.

तरी मी हट्टाने प्रोग्रामवाल्याला बोलवायला लावलं. तो आला, अगदी पोरगेला इंजिनियर. त्याने एकदा बटण दाबलं, खिडकी मागे उघडलेली बघितली आणि म्हणाला, "हां मैडम, ये तो होता है नए वाले में."

"होता है म्हणजे?"

"फोकस नहीं मिलता ना. पहले कोई भी प्रोग्राम उठके सामने आ जाता था, अब सिस्टम रोकता है. जो पहले से सामने है, उसको बोलना पड़ता है कि भिया, इसको आगे आने दो. हमने वो लाइन डाली नहीं थी. बाकी दो-तीन जगह से भी कंप्लेंट आई है."

माझा संताप मस्तकात गेला. म्हणजे ह्याला ठाऊक होतं! दुसऱ्याला बोलावणाऱ्यानेच त्याला पुढे करायचं असतं, एवढी साधी रीत. घरी पाहुणा आणला तर आपण त्याला दारात उभा ठेवून आत जाऊन बसत नाही. ह्यांच्या प्रोग्रामने नेमकं तेच केलं, आणि हे लोक कळूनही गप्प राहिले. मी डॉक्टरांना तिथेच बोलावून घेतलं आणि इंजिनियरला तेच पुन्हा सांगायला लावलं. त्याने सांगितलं. थोड्याच वेळात प्रोग्राम दुरुस्तही करून दिला. बटण दाबलं, खिडकी आज्ञाधारकपणे पुढे आली.

डॉक्टर म्हणाले, "चला, मिटलं."

काय मिटलं? ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी येणार होते. इंजिनियर गेल्यावर डॉक्टरांनी आवाज खाली आणून मला समजावलं. लॅबच्या मशीनमध्ये दोष होता असं बाहेर गेलं तर लोक सगळ्याच रिपोर्टांवर शंका घेतील. त्यापेक्षा बाईंकडून चूक झाली म्हटलं की विषय संपतो. "तुम्ही फक्त एकदा सॉरी म्हणा. तुमची नोकरी कुठे जात नाही." आणि मी नाही म्हटलं तर ती कुठे जाते, हे त्यांना बोलून दाखवायची गरज नव्हती.

घरी येऊन मी भांडी आदळली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानेच म्हणायचं की हो, मीच चोर! यजमान सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "अगं, बोलून टाक. शब्दाने काय झिजतं?"

"तुम्ही बोलाल? मिल तुमच्यामुळे बंद पडली असं म्हणाल?"

मला वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते उठून मुलांच्या वह्यांना कव्हर घालत बसले, आणि तेव्हाच मला कळलं की उद्या मी काय म्हणणार आहे.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ आले. पांढरा झब्बा, हातात कापडी पिशवी. बाहेरच्या बाकांवर पेशंट बसलेले. डॉक्टर स्वतः बाहेर आले, त्यांना खुर्ची दिली, आणि माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. इंजिनियरची सगळी वाक्यं मला तोंडपाठ होती. मी म्हटलं, "बाबूजी, मुझसे गलती हो गई. माफ करना."

मला वाटलं ते ओरडतील. त्यांना तो हक्क होता. पण ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "अरे नहीं बहनजी, आदमी से ही होती है गलती." मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी हात जोडले. "डॉक्टर साब, एक बिनती है. इनको नौकरी से मत निकालना. मैं भी मिल का आदमी हूँ, मुझे मालूम है घर बैठना क्या होता है."

डॉक्टरांनी जरा विचार केल्यासारखं केलं. चार लोक बघत होते. "आप कह रहे हैं तो ठीक है," ते म्हणाले.

बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, किती मोठ्या मनाचे आहेत दोघं. आणि मला त्या दोघांचेही आभार मानावे लागले.