थंड फ्लास्क

डूख धरण्यात नागीणसुद्धा माझ्याकडे शिकवणी लावेल, असं आई म्हणते. मी नाही म्हणत नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी धरलेला एक डूख मी तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या प्रॅक्टिकलपर्यंत नीट सांभाळला होता.

झालं असं. नंदुरबारच्या कॉलेजात आमचं पहिलंच टायट्रेशन होतं. खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड, वर ब्युरेटच्या काचेच्या नळीत जांभळंगर्द परमँगनेट. ते थेंबथेंब सोडायचं आणि खाली पडलं की त्याचा रंग उडायला हवा. माझा उडेना. मी घाबरले आणि घरी बोलतो तसं बोलून गेले, "सर, रंग जाई नही ऱ्हायना!"

फ्लास्क आधी तापवायचा असतो, थंड द्रावणात रंग उडत नाही. सरांनी एवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी त्यांनी सगळी लॅब थांबवली आणि माझं वाक्य माझ्याच सुरात दोनदा म्हणून दाखवलं. सगळे हसले. त्यातले निम्मे घरी हेच बोलत होते. आणि सर कुठले? शहाद्याच्या बसने आमच्या गावापुढे दोन थांब्यांवरचे. त्यांची आई बाजारात माझ्या आईशी अहिराणीतच भाव करायची, ते मी स्वतः ऐकलेलं होतं.

त्यानंतर मी लॅबच्या दारात दिसले की सर विचारायचे, "काय, गेला का रंग?" तीन वर्षं. मी खाली मान घालून आत जायचे आणि मनात म्हणायचे, घोडामैदान जवळच आहे.

आमच्या लॅबची एक रीत होती. परीक्षेच्या सकाळी सर द्रावणांच्या उत्तरांची यादी अटेंडंटच्या टेबलावर ठेवत, आणि दहा मिनिटांत ती फुटे. मग पोरंपोरी उत्तर आधी घेत आणि उलटं गणित करून त्याला जुळेल असं रीडिंग लिहीत. ब्युरेट नुसती शोभेला. मी मात्र हट्टाने खरं टायट्रेशन शिकले. अभ्यासाच्या प्रेमाने नव्हे, रागाने.

शेवटच्या परीक्षेत मला तेच परमँगनेट आलं. सुरतेकडच्या एका रंगाच्या कारखान्यात, तिथल्या लॅबमध्ये, माझी निवड झाली होती. अट एकच, याच वर्षी पास. मी फ्लास्क तापवला आणि तीनदा टायट्रेशन केलं. तिन्ही वेळा दहा पॉइंट चार. यादीप्रमाणे यायला हवं होतं नऊ पॉइंट दोन.

"नऊ पॉइंट दोन लिख ना, येडी!" शेजारची मैत्रीण कुजबुजली. खोटं लिहिलं तर नोकरी नक्की होती, खरं लिहिलं तर कदाचित नापास. पण तिन्ही वेळा रंग माझ्या डोळ्यांदेखत गेला होता. मी दहा पॉइंट चार लिहिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी माझा पेपर यादीशी ताडून पाहिला आणि भुवया चढवल्या. सर लगेच म्हणाले, "ही पहिल्यापासून अशीच आहे, मॅडम. रंगच कळत नाही हिला."

"मॅडम, यादी चुकली आहे," मी म्हणाले. "द्रावण हेच आहे. कुणीही करून बघावं."

मॅडमनी यादी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "सर, तुम्हीच करा."

सगळी लॅब भोवती गोळा झाली. सरांनी घाईघाईने द्रावण घेतलं, ॲसिड घातलं आणि ब्युरेटची तोटी फिरवली. जांभळे थेंब पडले आणि तसेच राहिले. सर फ्लास्क हलवत राहिले, रंग हलेना. त्यांच्या कपाळावर घाम आला. बर्नर हातभर अंतरावर होता. मला दिसत होतं, मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. तीन वर्षांचा वचपा असा फुकट का घालवायचा?

नंतर फ्लास्क तापला आणि रीडिंग आलं दहा पॉइंट चार. सरांनी गेल्या वर्षीचीच यादी उतरवली होती, हे उघड झालं. मला सोडून सगळ्या वर्गाला पुन्हा टायट्रेशन करावं लागलं आणि सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. माझी नोकरी मात्र पक्की झाली. पण हे सगळं नंतरचं.

त्याआधी मी एक पाऊल पुढे झाले होते आणि अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "काय सर, रंग जाई नही ऱ्हायना का?"

सरांनी मान वर केली नाही. थंड फ्लास्कला हात लावला आणि तापवायचंच राहिल्याचं ध्यानात येऊन ते स्वतःशीच पुटपुटले, "तपाडानं राही गयं."

तीन वर्षांत पहिल्यांदा ते नक्कल न करता आमच्या बोलीत बोलले. लॅबमध्ये कुणीच हसलं नाही. मी हसले.