मागे चालणारा पाय

सुगंधाताई एक पाऊल मागे सरकल्या आणि त्यांचा पाय जागेवरच राहिला. चिखलात उभाच्या उभा. त्या स्वतः मागच्या मागे पाण्यात बसल्या. भातलावणीच्या रांगेतल्या बायका थांबल्या. मी बांधावर मोबाइल धरून उभी होते, कारण आमच्या संस्थेच्या मुंबईतल्या सरांना व्हिडिओ हवा होता. व्हिडिओ मात्र छान आला.

मी प्रोस्थेटिस्ट आहे, म्हणजे कृत्रिम हातपाय बनवते. पेणला आमच्या संस्थेचं छोटं वर्कशॉप आहे. दारात प्लास्टरची पोती उतरली की लोक यंदा किती फुटांचे गणपती म्हणून विचारतात. आम्ही त्याच प्लास्टरने पायांची मापं घेतो, हे सांगून मी थकले. जोडीला रशीदभाई आहेत. ते बरीच वर्षं कुवेतला फिटर होते, आता आमच्याकडे पाय जोडतात.

सुगंधाताई रोह्याजवळच्या गावातल्या. कोलाडच्या पुढे हायवेवर रिक्षा उलटली आणि उजवा पाय गुडघ्याखालून गेला. त्यांच्या गावात लावणी सावडीने होते. आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचं, उद्या तुझ्या. दिवसाला दिवस फेडायचा. गेल्या साली गावाने त्यांचं शेत लावून दिलं आणि फेड नको म्हणाले. ते त्यांना फार लागलं होतं.

"मी बांधावर बसून होते, मॅडम," त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "यंदा माजा दिवस मी भरला नाय, तर शेत ओसाड ठेवीन. पन फुकट लावून घेनार नाय."

मी जीव ओतून पाय बनवला. सॉकेट म्हणजे पायाचा उरलेला भाग जिथे बसतो तो पेला. तो घट्ट, वर मांडीला पट्टा. खाली पाणी न शिरणारं रबरी पाऊल. वर्कशॉपमागे खड्डा करून रशीदभाईंनी त्यात चिखल कालवला. ताई त्यात दहा पावलं चालल्या. सरांनी फोनवर "एक्सलंट" म्हटलं. मीही फुशारून गेले.

आणि आता हे. बायकांनी ताईंना बांधावर आणलं, मी चिखलातून पाय उपसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"त्या दिवशी तर नीट चाललात," मी म्हटलं.

"तुमी चाला बोल्लाव, मी चालले. पुढं."

"मग?"

"लावनी पुढं जाऊन कोन करतं, मॅडम? लावलेलं तुडवायचं काय?"

बायका खो खो हसल्या. मी पेणात जन्मले, रोज दोन वेळा भात खाते, आणि भात लावणारा माणूस वाकून मागे मागे जातो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेकडो वेळा बसच्या खिडकीतून पाहिलं असेल.

परतताना रशीदभाई एवढंच म्हणाले, "पाय बरोबर हाय, मॅडम. दिशा चुकली."

त्याचं असं आहे. पुढे चालताना टाच आधी उचलली जाते आणि पाऊल चिखलातून हळूहळू सोललं जातं. मागे जाताना ते सरळ वर ओढावं लागतं. तळव्याखाली पोकळी होते आणि चिखल ते धरून ठेवतो. आपण अशा वेळी घोटा हलवून पाऊल सोडवतो. आमच्या पावलाला हलणारा घोटाच नव्हता.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "आता सीझननंतर बघू. पुढच्या प्रोजेक्टमध्ये टाकू."

"सर, सीझननंतर त्यांना चिखलात जायचंच नाही."

"मग आठवडाभरात काय ते करा. आणि पायासारखं दिसू दे."

दुसरी अट आम्ही सोडून दिली. रशीदभाईंनी डोलवीच्या भंगारवाल्याकडून जाड रबरी पट्ट्याचा तुकडा आणला. त्याची गोल चकती कापली, वर तिच्याहून लहान लोखंडी चकती बसवली. दाब पडला की रबर पसरून भार घेतं. वर ओढलं की त्याच्या कडा खाली वळतात आणि चिखलाची पकड सुटते. टाच नाही, बोटं नाहीत. पुढे जा, मागे जा, सारखंच. दोन बोल्ट काढले की रस्त्याचं पाऊल निघून हे बसतं.

या वेळी खड्ड्यात आधी मी उतरले. कंबरेत वाकून, हातात गवताच्या काड्या घेऊन, मागे मागे. चौथ्या पावलाला आडवी झाले. माझे दोन्ही पाय धडधाकट आहेत. रशीदभाईंनी सभ्यपणे तोंड फिरवलं. मग ताई उतरल्या. पहिलं रबर मऊ निघालं, दुसरं जमलं. त्या खड्ड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता मागे गेल्या.

"दिसायला बरं नाही," मी ओशाळून म्हटलं.

"चिखलात कोन बगतंय?" त्या म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी सावड त्यांच्या थोरल्या जाऊबाईंच्या, वनिताबाईंच्या शेतात होती. मी मोबाइल बॅगेतच ठेवला. सकाळी ताई रांगेत मागे पडत होत्या. एकदा पट्टा सैल झाला, तो मी बांधावर आवळून दिला. दुपारनंतर मला त्यांना रांगेत शोधावं लागलं.

संध्याकाळी हातपाय धुताना वनिताबाई म्हणाल्या, "सकाळचा वेळ फुकट घालवलास गो. तेवडं उद्या भरून दे."

"का म्हनून? पुरा दिवस राबले. तुमी तंबाखू मळत बसलाव ते कोन भरनार?"

"जिभेला काय झालेलं नाय हिच्या."

"उद्या माज्या शेतात सातला या. उशीर केलात तर दिवस धरनार नाय."

मी तिथेच बांधावर बसले आणि डोळे पुसले. गेल्या साली त्यांच्याशी भांडायला कोणी तयार नव्हतं.

सरांना रिपोर्ट पाठवला. त्यांनी विचारलं, हे पायासारखं का दिसत नाही. मी त्यांना लावणीला येण्याचं आमंत्रण दिलं, ते अजून आलेले नाहीत. माझ्यात मात्र फरक पडलाय. आता माप घेण्याआधी मी माणसाला चालून दाखवा म्हणत नाही. त्याच्या कामावर जाते आणि आधी स्वतः पडून बघते.