फक्त सायलेन्सर धुतलेली गाडी

दसऱ्याला तुम्ही मोटारसायकल धुता, तेव्हा सुरुवात कुठून करता? टाकीपासून की चाकांपासून? आणि धुऊन झाल्यावर हळदकुंकू न लावता, हार न घालता ती तशीच उभी ठेवता का? प्रश्न फालतू वाटेल. पण याच प्रश्नाने जबलपुरात एका निरपराध तरुणाची नोकरी वाचली आणि खरा गुन्हेगार कोर्टापुढे उभा राहिला. पोलिसाची वर्दी उतरवून बराच काळ झाला, तरी ते प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

नवरात्राचे दिवस होते. जबलपूरच्या घमापूर मोहल्ल्यातली एक विधवा बाई घरी चुनऱ्या शिवून देवळाबाहेरच्या दुकानांना पुरवत असे. लाल पॉलिस्टरचं कापड, कडेला सोनेरी गोटा, म्हणजे जरीची पट्टी. संध्याकाळी चुनऱ्यांचं गाठोडं घेऊन ती रस्ता ओलांडत होती. भरधाव मोटारसायकलने तिला उडवलं. गाडीवाला थांबला नाही. बाई बेशुद्ध, खुब्याचं हाड मोडलेलं. रस्त्याकडेला बसलेल्या भाजीवालीने एवढंच सांगितलं, "काली गाड़ी थी साहब, साइलेंसर चाँदी जैसा चमक रहा था."

आम्ही घटनास्थळाचा पंचनामा केला. रस्त्यावर चुनऱ्या विखुरल्या होत्या. त्यातली एक अर्धी फाटलेली होती आणि फाटलेली कड जळून आकसली होती. सुती कापड जळलं तर राख होते, पुसली की जाते. पॉलिस्टर मात्र वितळतं आणि तापलेल्या धातूला चिकटून बसतं. उरलेली अर्धी चुनरी गाडीसोबत गेली, हे उघड होतं. ही गोष्ट आम्ही बाहेर कोणालाही सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. फोन घेणाऱ्या हवालदाराने शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. घमापुरातल्या अमुक गल्लीतला अमुक मुलगा, काळी गाडी, "उसके साइलेंसर पे लाल चुनरी चिपकी है, जाके देख लो."

आम्ही गेलो. गाडी काळी होती, सायलेन्सर क्रोमचा होता आणि त्यावर हाताच्या पंजाएवढा जळका थर होता. गाडी जप्त केली, तरुणाला चौकशीसाठी आणलं. त्याची आई पाठोपाठ आली. नागपूरकडून येऊन इथे स्थायिक झालेलं कामगार कुटुंब.

"साहेब, काहून धरून आणलं माह्या पोराले? कारखान्यात निवड झाली हाय त्याची. पोलीस व्हेरिफिकेशन चालू हाय. आता नाव खराब झालं तर कोण घेईन त्याले?"

"बाई, चौकशी आहे. शिक्षा नाही."

"तुमच्यासाठी चौकशी हाय जी. मोहल्ल्यासाठी शिक्षाच झाली."

तिचं म्हणणं बरोबर होतं. गल्लीने निकाल कधीच लावून टाकला होता. ज्यांनी काही पाहिलं नव्हतं, ते सगळ्यांत मोठ्याने बोलत होते. मोहल्ल्यातले दोन पुढारी येऊन म्हणाले, "साहब, चालान पेश करो, जनता में गुस्सा है." चालान म्हणजे तिकडे आरोपपत्र. जनतेचा राग म्हणजे पुरावा नव्हे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

मी तरुणाला समोर बसवलं. प्रश्न फिरवून फिरवून विचारले. वेळ, रस्ता, बरोबर कोण होतं. उत्तर दर वेळी तेच यायचं, पण पाठ केलेलं वाटत नव्हतं. खोटं बोलणारा माणूस गोष्ट एकाच क्रमाने सांगतो. हा मधूनच सांगायला लागायचा आणि तरी अडखळत नव्हता.

"सायलेन्सरवर काय चिकटलंय?"

"बूट हाय सर. टाच लागून राहते तिथं. आई रोज बोलते, घास म्हणून. पण निघतच नाही."

मी फॉरेन्सिकचं पथक बोलावलं. ते यायच्या आधी दसरा आला आणि आमच्याच ठाण्यात घोटाळा झाला. ठाण्यात दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते, गाड्या धुतल्या जातात. सकाळी आवारात येऊन पाहतो तर एक आरक्षक, म्हणजे आमचा शिपाई, जप्त केलेली ती मोटारसायकल नळाखाली धूत होता. हेडलाइटवर कुंकवाचा टिळाही लावून झाला होता. आता तो लोखंडी घासणी घेऊन सायलेन्सरकडे वळला होता.

"अरे, हात मत लगाना!" मी ओरडलो.

तो घाबरून उभा राहिला. "साहब, त्योहार है. केस आदमी पे है, गाड़ी का क्या कसूर?"

अख्खं ठाणं हसलं, मी सोडून. त्याची लेखी कानउघाडणी झाली आणि झालेला प्रकार मी केस डायरीत नोंदवला. पण मनातून मी घाबरलो नव्हतो. माझ्याकडेही क्रोमच्या सायलेन्सरची जुनी मोटारसायकल आहे. एकदा रेनकोट चिकटला तो साबणाने, रॉकेलने, कशानेच निघाला नव्हता. भाजून बसलेला थर पाण्याने जात नाही. सायलेन्सर जरासा कोमट करायचा, थर मऊ झाला की लाकडी पट्टीने हलकेच उचलायचा आणि राहिलेला डाग ओल्या ॲल्युमिनियम फॉइलने घासायचा. लोखंडी घासणी लावली तर डाग राहतो आणि क्रोमवर कायमचे ओरखडे येतात.

फॉरेन्सिकच्या मॅडमनी जवळपास तसंच केलं. गरम हवेने थर मऊ केला आणि लाकडी पट्टीने उचलला. काळा रबर होता. लाल धागा नाही, सोनेरी कण नाही. तरुणाचा उजवा बूट मागवला. टाचेच्या आतल्या बाजूला वितळलेली खाच होती आणि ती सायलेन्सरच्या गोलाईवर अचूक बसली.

मग मी त्या फोनची नोंद पुन्हा वाचली. 'लाल चुनरी चिपकी है.' या गाडीवर लाल काही नव्हतंच. मग फोन करणाऱ्याने लाल चुनरी कुठे पाहिली? जिथे ती खरोखर चिकटली होती तिथेच!

नंबर काढला. तो बडा फुहारा या बाजारपेठेतल्या एका कापड दुकानातल्या नोकराचा निघाला. नोकर हात जोडून म्हणाला, "साहब, मैंने नहीं किया. छोटे भैया ने मोबाइल माँगा था."

छोटे भैया म्हणजे मालकाचा मुलगा. राहायला त्या तरुणाच्या शेजारच्याच गल्लीत, गाडी त्याच बनावटीची, काळीच, आणि तरुणाच्या सायलेन्सरवरचा जळका डाग येता-जाता दिसणारा. मी पंच आणि फॉरेन्सिकच्या मॅडमना घेऊन त्याच्या घरी गेलो. अंगणात गाडी उभी होती. चाकांच्या तारांवर वाळलेला चिखल, टाकीवर धूळ, साखळीवर काळं तेल. सायलेन्सर मात्र लखलखत होता आणि त्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं होतं.

"सायलेन्सर किसने साफ किया?"

"मैंने. दशहरा था अंकल. सब धोते हैं गाड़ी."

"अच्छा. पूजा भी की होगी?"

"हाँ, की थी."

"टीका कहाँ है?"

त्याने हेडलाइटवर हात फिरवला.

"हार का धागा? पहिये के नीचे नींबू रखा था? और पहिया तो धोया ही नहीं. बेटा, सिर्फ साइलेंसर की पूजा कौन करता है?"

माझ्यामागे उभ्या असलेल्या हवालदाराला हसू आवरेना. मुलाचे वडील पुढे आले. "साहब, बैठिए, चाय लीजिए, घर की बात है."

"रस्त्यावर पडलेली बाई तुमच्या घरची नाही," मी मराठीतच म्हणालो. त्यांना भाषा कळली नसेल, अर्थ कळला.

मॅडमनी सायलेन्सरची जोडपट्टी सैल केली. पट्टीच्या आत आणि पाइपच्या खालच्या अंगाला, जिथे घासणी पोहोचलीच नव्हती, तिथे थर तसाच होता. मध्ये तपकिरी, कडेला लाल आणि त्यात रुतलेले गोट्याचे सोनेरी कण. नमुना पंचांसमोर सील केला. मुलगा अंगणातल्या पायरीवर बसला आणि रडत सगळं सांगू लागला. फाटलेल्या चुनरीशी नमुना जुळल्याचा अहवाल नंतर आला, पण त्या क्षणी त्याची कोणालाच गरज उरली नव्हती.

मग वरून फोन सुरू झाले. लडका है, गलती हो गई, समझौता करा दो. प्रत्येकाला मी एकच सांगितलं: जे म्हणायचं ते लेखी द्या, फाइलला लावतो. लेखी एकानेही दिलं नाही. आरोपपत्र वेळेत गेलं, जखमी बाई काठी टेकत साक्षीला आली आणि आरोपीला शिक्षा झाली.

पण माझा विजय त्याच्या कितीतरी आधीचा आहे. त्या तरुणाच्या व्हेरिफिकेशनच्या कागदावर मी स्वतः लिहिलं: कोणताही गुन्हा नाही. तो आईसोबत आपली गाडी सोडवायला आला. हेडलाइटवर आमच्या आरक्षकाने लावलेला टिळा अजून होता. आई तो पाहून म्हणाली, "पूजा तरी केली तुम्ही लोकांनी."

"आणि सायलेन्सरही साफ करून दिला," मी म्हणालो. "आता टाच वर ठेव."

ती माउली ठाण्यात मोकळेपणाने हसली. पोलीस ठाण्यात असं हसू क्वचित ऐकू येतं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. पैसेवाल्याचा मुलगा चमकदार दिसतो आणि गरिबाचा मुलगा डागाळलेला, म्हणून आपण बोट कुठे रोखायचं ते आधीच ठरवून टाकतो. त्या गल्लीने तेच केलं. डाग कशाचा आहे, हे विचारायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. कायदा हा प्रश्न विचारण्यासाठीच आहे, आणि तो विचारणारा कोणी नसेल तर कायद्याची पुस्तकं रद्दीत घातलेली बरी.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर थांबा, त्याला दवाखान्यात न्या, आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते ठाण्यात येऊन आपल्या नावाने सांगा. जे पाहिलं नाही, ते गल्लीत बोलू नका. आज ज्या शेजाऱ्याबद्दल तुम्ही ऐकीव काही बोलला असाल, त्याच्या दारी जा आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या.