डेल्विनच्या गाई

मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेवर, असताना जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, असा मॉर्मन चर्चचा नियम आहे. तो खरं तर विशीतल्या पोरापोरींसाठी केलेला. पण नेड्रा क्रॉशॉ ही नियम म्हटला की स्वल्पविरामासकट पाळणारी बाई. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, आणि त्यातली बहुतेक डेल्विननं गोठ्यात काढली होती. अंधारात उठून गेलेला माणूस रात्री जेवायला उगवायचा आणि प्रार्थनेत ‘आमेन’ यायच्या आधीच पेंगायचा. आता मंगोलियातल्या दार्खान शहरात, दोन खोल्यांत, तो दिवसभर समोर. ‘एवढा नवरा मी जन्मात पाहिला नव्हता,’ असं ती बहिणीला फोनवर म्हणाली. हे कौतुक की तक्रार, ते बहिणीला कळलं नाही.

मिशनची हौस तिची. मुलं मार्गी लागली की दोघांनी पदरच्या खर्चानं दीड वर्ष कुठंतरी सेवेला जायचं, हे तिनं लग्नाआधीच त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. युटामधला गोठा मुलाच्या, ब्रायसच्या हवाली करून दोघं मंगोलियात आली, आणि नेड्रा इथं मनापासून रमली. सकाळी धर्मग्रंथाचं वाचन, मग कोटावर नावाची काळी पट्टी लावून बाहेर. दुपारी इंग्रजीचा वर्ग. शुक्रवारी तरुण मिशनऱ्यांच्या खोल्या तपासायच्या, त्यांचे फ्रिज उघडून नाक मुरडायचं आणि निघताना त्यांच्याच हातात घरी भाजलेला पाव ठेवायचा. डेल्विन मागून बादली घेऊन चाले. त्याला ना भाषा येई, ना शिकवता येई. वर्गात तो फळा पुसायचा आणि घरी आला की खिडकीत बसायचा. त्याच्याकडे बघून तिला वाईट वाटे, आणि वाईट वाटतं म्हणून रागही येई.

वसंत लागला, धुळीचे वारे सुटले, आणि एका सकाळी न्याहारीच्या वेळी तो म्हणाला, “नेड्रा, गाई व्यायला लागल्या असतील. ब्रायसला एकट्याला झेपायचं नाही. मिशनच्या अध्यक्षांना कळव, आपण घरी चाललो.”

नेड्रानं हातातला चमचा खाली ठेवला. कारण गाई नव्हत्याच.

काही आठवड्यांपूर्वी ब्रायसचा फोन आला, तेव्हा डेल्विन आंघोळीला गेला होता. नियमाला तेवढीच काय ती फट. “आई, दुधात काही राहिलं नाही गं. विकल्या गाई,” ब्रायस म्हणाला होता. “बाबांना तूच सांग. माझी छाती होत नाही.” आणि फोन ठेवून मोकळा झाला, बापाचाच मुलगा तो. छाती नेड्राचीही होत नव्हती. परक्या माणसाच्या दारात उभं राहून तासभर देवाबद्दल बोलणारी ही बाई, पण नवऱ्याला सांगायचं एक वाक्य ती रोज उद्यावर ढकलत होती. सांगावं तर तो मोडून पडणार. न सांगावं, तर मिशन अर्ध्यात टाकून त्याला रिकाम्या गोठ्याच्या दारात नेऊन उभं करायचं.

“शनिवारनंतर बघू,” ती म्हणाली.

शनिवारी त्यांना ओयुनगेरेलच्या सासूकडे जायचं होतं. ओयुनगेरेल दवाखान्यात नर्स, इंग्रजी बरं बोलायची, आणि चर्चमध्ये नेड्राचा उजवा हात. सासू, त्सेंदसुरेन, गावाबाहेर आपल्या गेरमध्ये, नमद्याच्या गोल तंबूत, एकटी राहायची, दारात चार गाई बांधून. पाहुणे टेकतात न टेकतात तोच तिनं मीठ घातलेल्या दुधाळ चहाचे वाडगे पुढं केले. मॉर्मनांना चहा वर्ज्य. ओयुनगेरेलनं घाईघाईनं सासूच्या कानात तसं सांगितलं.

“चहा पीत नाहीत? आजारी आहेत का?” सासू मोठ्यानं म्हणाली. “आधी माझ्या सुनेचा चहा तोडला, आता स्वतः पण कोरडेच आले! चहानं देवाचं काय घोडं मारलंय?”

पण बोलता बोलताच तिनं दुधात पाणी घालून ते चुलीवर चढवलं, आणि वाडगे नव्यानं भरून आले. डेल्विननं दूध एका दमात संपवलं. मग तो बाहेर गेला, आणि नियमाप्रमाणे नेड्राही मागोमाग.

बाहेर एका तांबड्या गाईपाशी धार काढायची बादली आणि स्टूल होतं. डेल्विन कुणाला न विचारता स्टुलावर बसला आणि त्यानं कासेला हात घातला. गाईनं पान्हा चोरला, लाथ झाडली, बादली गडगडत गेली. त्सेंदसुरेन पोट धरून हसली.

“आमच्यात पुरुष धारेला बसत नाही, म्हणावं! शेजारपाजार महिनाभर हसेल. आणि वासरू न सोडता कोण बसतं? अमेरिकेत गाईंना आईपण नसतं का?”

ओयुनगेरेलनं लाजत लाजत भाषांतर केलं. “हसू देत,” डेल्विन म्हणाला. यंत्रं यायच्या आधी, बापाच्या गोठ्यात, त्यानं हातानंच धारा काढल्या होत्या.

म्हातारीनं वासरू सोडलं. त्यानं दोन ढुशा देऊन पान्हा आणला, तसं तिनं त्याला ओढून गाईच्या तोंडापाशी धरलं. डेल्विननं टोपी मागं सारली, कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं, आणि बादलीत धार वाजू लागली. नेड्रानं त्याचा चेहरा बघितला. घर सोडल्यापासून असा चेहरा तिला दिसला नव्हता. आत्ता नाही सांगितलं तर कधीच होणार नाही, हे तिला कळलं.

“डेल, ब्रायसनं गाई विकल्या.”

धार थांबली नाही.

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“मेबल पण?”

मेबल म्हातारी होती, दूध आटलेली. तिला कोण घेणार आणि कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक होतं. खोटं बोलायचा नेड्राला फार मोह झाला.

“मेबल पण.”

“आता बोलू नकोस,” तो म्हणाला. “गाय बिचकेल.”

त्यानं वासरापुरतं ठेवून धार पुरी केली, मग उठून बादली त्सेंदसुरेनच्या हातात दिली. म्हातारीनं त्याचे डोळे बघितले आणि सुनेला विचारलं. सुनेनं सांगितलं. कडक हिवाळ्यात एकेका रात्रीत अख्खे कळप गमावलेली बाई ती. सांत्वन वगैरे तिनं काही केलं नाही. “संध्याकाळी परत धार आहे, म्हणावं त्याला,” एवढं म्हणून ती दूध घेऊन आत गेली.

डेल्विन लाकडाच्या ओंडक्यावर बसला. नेड्रा शेजारी टेकली.

“कधी कळलं तुला?”

“झाले तीन आठवडे.”

“आणि एकटी घेऊन बसलीस?”

आता मात्र नेड्रा रडली, अगदी लहान मुलीसारखी हुंदके देऊन. त्यानं तिचा हात आपल्या दुधाळ हातात घेतला.

“यापुढं मी आंघोळीला गेलो की फोन उचलायचा नाही.”

“यापुढं म्हणजे?” तिनं नाक पुसत विचारलं. “आपण तर घरी चाललोय ना?”

डेल्विननं तांबड्या गाईकडे बघितलं. वासरू आता कासेला लागलं होतं.

“घर काही पळून जात नाही,” तो म्हणाला. “संध्याकाळची धार राहिलीय.”